पाहणीचा चमचा

यादी दाराला लागून अर्धा तास झाला तरी मावशीनं ती वाचली नव्हती. तिचे दोन्ही हात ठोक्याच्या तोंडाशी गुंतले होते. ठोक्याला भरवायचं म्हणजे चाळीस मिनिटं, त्यात एकही कमी करून चालत नाही. आधी पाठीशी उशी, मग हनुवटी छातीकडे झुकवायची, चमचा अर्धाच भरायचा आणि घास डाव्या गालात ठेवायचा, कारण उजवी बाजू त्याची जन्मापासून लुळी. मग गळ्यावर दोन बोटं ठेवून थांबायचं. गळ्याची गाठ वर जाऊन खाली आली की एक घास झाला. ती हलायच्या आत दुसरा घास कोंबला, तर पहिला वाट चुकतो, पोटाऐवजी छातीत उतरतो, आणि आठवड्याभरात माणूस तापानं फणफणून मरतो.

ठोक्या तीस वर्षांचा होता आणि वजनानं बारा वर्षांच्या पोराएवढा. बोलायचा नाही. मधल्या बोटाच्या पेरानं खाटेची दांडी ठोकत बसायचा, म्हणून ठोक्या. सहा वर्षांचा असताना कुणीतरी त्याला फाटकाशी ठेवून गेलं होतं. कागदावर त्याचं वेगळं नाव होतं. त्या नावानं त्याला आजवर कुणी हाक मारली नव्हती.

"मावशी!" आचारी दारातून ओरडला. पातेलं कमरेवर टेकवून तो यादी वाचत उभा होता. "तुमचा लेक चालला की बंगल्यात राहायला! स्वतंत्र खोली, स्वतंत्र कपाट! आपल्याला मेलं कुणी विचारत नाही."

"मस्करी नको. घास आहे त्याच्या तोंडात."

"मस्करी कसली? हे बघा ना. 'स्वतः जेवणारे. लहान घर. सहा जण.' तिसरं नाव. गाडी दोन वाजता."

मावशीची बोटं गळ्यावर होती. गाठ हलेपर्यंत तिनं ती काढली नाहीत. मग वाटी खाली ठेवली, त्याचं तोंड पुसलं, आणि पदरानं हात पुसत दाराशी गेली. चौथीपर्यंत शिकलेली होती, नाव वाचायला तेवढं पुरे होतं.

संस्था बंद होणार हे वर्षभर सगळ्यांना ठाऊक होतं. फाटकावरच्या पत्र्यावर रंगाचे पाच थर होते. सगळ्यांत खालचा, 'बेवारस मुलांचं गृह'. त्यावर 'सुधारगृह', कारण पोटासाठी चोरी करणारी पोरंही मधल्या काळात इथंच कोंबली. मग 'मंदबुद्धी बालकाश्रम'. मग 'विशेष मुलांची संस्था', आणि तोवर त्या मुलांतल्या निम्म्यांचे केस पिकले होते. शेवटी 'निवासी काळजी केंद्र'. दर खेपेला वरून कुणीतरी शहाणा यायचा, आधीच्यांनी केवढा अन्याय केला यावर भाषण झाडायचा, रंगारी शिडी लावायचा. आत त्याच साठ खाटा, तोच मुताचा वास आणि तीन बायका. आता सहावं शहाणपण आलं होतं, मोठ्या संस्था वाईट आणि लहान घरं चांगली. या खेपेला ते खरंसुद्धा होतं. मावशीला पटलेलं होतं. साठ माणसं एका छपराखाली ठेवणं म्हणजे माणसं ठेवणं नव्हे, गोदाम लावणं, हे तिनं सव्वीस वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं.

पण दोन प्रकारची ठिकाणं होती. भरवावं लागतं त्यांच्यासाठी शिकलेल्या नर्सांचं केंद्र. स्वतः जेवतात त्यांच्यासाठी घरं, जिथं सहा जणांमागे एकच बाई, ती स्वयंपाक करणार, टेबलावर ताटं मांडणार आणि म्हणणार, बसा, जेवा. खालच्या हॉलमधले बाकीचे सांडत-लवंडत का होईना, जेवायचे. ज्यांना ते जमत नव्हतं ते आता नव्हते. उरला होता एकटा ठोक्या, आणि त्याला टेबलावरच्या ताटापुढे नेऊन बसवणार होते.

मावशी थेट साहेबांच्या खोलीत गेली. साहेब म्हणजे अधीक्षक. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, कपाटं रिकामी करत बसले होते.

"साहेब, यादीत चूक आहे. ठोक्याला भरवावं लागतं."

"चूक नाही मावशी. वहीवरून केलीय."

"वही खोटी आहे, हे तुम्हालाही माहीत आहे."

साहेबांनी उठून दार लावून घेतलं.

त्या वहीची गोष्ट अशी. बावीस वर्षांपूर्वी वरून नियम आला की ज्यांना भरवावं लागतं अशा दर चार जणांमागे एक बाई हवी. संस्थेत तीन बाया. तेव्हा अधीक्षक होत्या मोठ्या बाई, देवमाणूस, स्वतः रात्री उठून पोरांच्या चादरी बदलणाऱ्या. त्यांनी तिघींना बोलावलं. म्हणाल्या, "खरं लिहिलं तर नव्या बाया काही देणार नाहीत, संस्थेला कुलूप लावतील. पोरं जातील रस्त्यावर. लिहा, स्वतः जेवतात." आहाराच्या वहीत पहिल्यांदा ते दोन शब्द ज्यांनी लिहिले ते मावशीचे हात होते, कारण तिघींत तिचंच अक्षर वाचता येण्यासारखं. पुढच्या महिन्यापासून फक्त 'वरीलप्रमाणे'. दर महिन्याला साठ वेळा 'वरीलप्रमाणे'. डॉक्टर त्याच्याखाली सही करायचा, वही बघून, माणूस न बघता.

"मावशी, डोकं शांत ठेवा," साहेब म्हणाले. "आज तुम्ही म्हणालात एक नोंद खोटी, तर ते बाकीच्या बघतील. बावीस वर्षांच्या बघतील. खालच्या हॉलमध्ये अकरा जण गेलेत या काळात. सगळ्यांच्या पुढे लिहिलंय, छातीत कफ. स्वतः जेवणाऱ्या माणसाच्या छातीत कफ झाला तर ते दुखणं. भरवावं लागणाऱ्याच्या छातीत झाला तर विचारतील, भरवत कोण होतं? तुम्ही होतात. तुरुंगात जाल या वयात."

"तुम्ही पण जाल."

"मी पण जाईन. म्हणून सांगतोय. जाऊ द्या त्याला. तिथं काळजी घेतील."

"कोण घेणार? त्यांच्या कागदावर तर तो धडधाकट आहे!"

साहेबांनी पुन्हा कपाटात डोकं घातलं. मावशी बाहेर पडली, ते अकरा जण डोक्यात घेऊन. अकरा जणांतली एक चिमणी होती. नऊ वर्षांची, हसली की चिवचिवायची. त्या दिवशी धुलाईघराची मोरी तुंबून पाणी हॉलमध्ये घुसलं होतं, बाकीच्या दोघी बादल्या उपसत होत्या, आणि बारा तोंडं एकट्या मावशीसमोर उघडी होती. चिमणीचा गळा हलायची वाट तिनं पाहिली नाही. सहाव्या दिवशी चिमणी गेली. त्यानंतर मावशीनं ठरवलं, एकाला तरी नीट भरवायचं. एकालाच. चिमणीच्या शेजारची खाट ठोक्याची होती, म्हणून ठोक्या. बाकीच्यांना तेवढा वेळ देता येत नव्हता, दिला नाही, आणि ते एकेक करून गेले. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

माणसं हलवायला आलेल्या समितीच्या मॅडम हॉलमध्येच सापडल्या. तरुण होत्या, पायात साधे बूट, आवाज मऊ, प्रत्येक खाटेशी वाकून बोलणाऱ्या. वाईट बाई असती तर मावशीला भांडायला सोपं गेलं असतं.

"मॅडम, ठोक्याचं नाव चुकीच्या यादीत आहे. त्याला हातानं खाता येत नाही. गिळताही येत नाही नीट."

मॅडमनी फाईल चाळली. "बावीस वर्षांच्या नोंदी आहेत मावशी. डॉक्टरांची सही आहे."

"डॉक्टरनं त्याला जेवताना कधी पाहिलेलंच नाही."

"बरं. नव्या घरी गेल्यावर सगळ्यांची नव्यानं तपासणी होणारच आहे. तीस दिवसांच्या आत."

"तीस दिवस?" मावशीचा आवाज चिरकला. "अहो, त्याला तीस दिवस लागत नाहीत, तीन घास पुरतात!"

मॅडमनी तिचा हात हातात घेतला. "किती वर्षं सांभाळलंत तुम्ही याला?"

"चोवीस."

"सोडणं कठीण जातं, मला कळतं. सगळीकडे हेच बघते मी. पण आपल्याला सवय झालेली असते ना, सगळं आपणच करायची. त्यांना काय जमतं ते आपण बघतच नाही."

"मग बघा ना! बारा वाजता जेवण येईल. समोर उभ्या राहून बघा, त्याला जमतं का!"

"चालेल," मॅडम म्हणाल्या. खरंच भली बाई. "बघू या."

बाराला आचाऱ्यानं गाडा आणला. मावशीनं ठोक्याला उशी लावून बसवला, पुढे लाकडी पाट ठेवला, पाटावर ताट, ताटात मऊ शिजवलेल्या भाताचा गोळा, ताटाशेजारी चमचा. मग ती दोन पावलं मागे सरली आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिली. आता दिसेल, तिला वाटलं. चमचा तसाच पडून राहील, ठोक्या ठोकत बसेल, दहा मिनिटं जातील, वीस जातील, आणि या बाईला कळेल.

मॅडम खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. फाईल त्यांनी छातीशी धरली होती.

ठोक्यानं फाईलकडे पाहिलं. ठोकणं थांबलं. डावा हात उठला, हळूहळू, थरथरत, चमच्यावर गेला, बोटं वळली, चमचा उचलला गेला.

मावशीनं ते ओळखलं.

मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, नुसतं लिहून भागणार नाही, दाखवावं लागेल. वर्षातून दोनदा पाहणी व्हायची. छातीशी फाईल धरून साहेबलोक रांगेतून फिरायचे, अर्ध्या मिनिटाच्या वर कुणापाशी थांबायचे नाहीत. तेव्हा त्या अर्ध्या मिनिटासाठी सगळ्यांना शिकवलं होतं. फाईल दिसली की चमचा उचलायचा, ओठांना लावायचा, खाली ठेवायचा. ताटं मोकळी, नुसती चकाकणारी, जेवण उरकल्यासारखी दिसावीत म्हणून. कुणाला महिना लागला, कुणाला कधीच जमलं नाही, त्यांना पाहणीच्या दिवशी झोपलेले दाखवायचे. ठोक्याला शिकवायला मावशीला दीड वर्ष लागलं. चमचा ओठांना लागला की जिभेवर साखरेची चिमूट. हे एकच काम तो स्वतःच्या हातानं करायचा, आणि त्याचा त्याला कोण अभिमान! साहेबलोक पुढे गेले की मान वळवून मावशीला शोधायचा.

फक्त आज ताट मोकळं नव्हतं. चमचा गोळ्यात बुडाला आणि भरून वर आला.

"अरे वा!" मॅडम पुटपुटल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "मावशी, बघताय ना?"

मावशी बघत होती. ठोक्याची मान मागे गेलेली, तोंड वासलेलं, चमचा शिगोशीग. आता हा तोंडात घालेल. गळ्यात अडकेल. काळानिळा पडेल, खोकेल, आणि मग या बाईला पुराव्यासाठी काही कमी पडायचं नाही. दोन श्वास गप्प उभं राहायचं होतं. दोनच. ती स्वतःला म्हणाली, राहा उभी, हलू नकोस, याचा जीव वाचवायचा तर आता हलू नकोस.

चमचा ओठांना लागला.

मावशी झेपावली. तिनं त्याच्या हातावर असा फटका मारला की चमचा तिसऱ्या खाटेखाली जाऊन पडला आणि गोळा मॅडमच्या बुटांवर उडाला. ठोक्या दचकून रडायला लागला. तो रडला की आवाज यायचा नाही, नुसतं तोंड उघडं आणि पाणी.

"काय करताय तुम्ही!" मॅडमचा मऊपणा संपला. "मारता तुम्ही त्यांना?"

"मॅडम, तो पाहणीचा चमचा आहे! तो जेवत नाही, तो नुसतं दाखवतो! मीच शिकवलंय त्याला—"

"मी डोळ्यांनी पाहिलं. तो स्वतः जेवत होता आणि तुम्ही त्याच्या हातावर मारलंत." बूट पुसायला त्या वाकल्यासुद्धा नाहीत. "आता कळलं मला इथं माणसं परावलंबी का होतात. याला लगेच हलवायचा. दोनच्या नव्हे, एकच्या गाडीनं."

आचारी गाड्याशी पुतळ्यासारखा उभा होता. मावशीनं त्याच्याकडे पाहिलं. "सांग की रे तूही! तोंड शिवलंय का?" त्यानं मान खाली घातली आणि गाडा ढकलत निघून गेला. त्यालाही दोन पोरी होत्या लग्नाच्या.

मावशीनं ठोक्याचे डोळे पुसले. मग ती साहेबांच्या खोलीत गेली, टेबलावरची आहाराची वही उचलली. साहेब "अहो, अहो" करत मागे आले. हॉलमध्ये येऊन तिनं वही ठोक्याच्या पाटावर उघडली, मॅडमच्या खिशातलं पेन न विचारता काढून घेतलं, आणि साठाव्या 'वरीलप्रमाणे'च्या खाली लिहायला लागली. 'वरीलप्रमाणे'पलीकडे लिहायची सवय नव्हती, म्हणून प्रत्येक शब्द मोठ्यानं बोलत लिहीत होती.

"चिमणी. मी भरवताना घाई केली. छातीत गेलं. मेली." ओळ सोडली. "लंगड्या आजोबा. मी दोन माणसांना एका वेळी भरवत होते. मेले. जुळ्यांतला थोरला. पाण्याबरोबर ढकललं. मेला. जुळ्यांतला धाकटा."

"मावशी, वही द्या इकडे," साहेब म्हणाले.

"हात लावाल तर बोट तोडीन. भिंगरी. मी नव्हते, पण मला ठाऊक होतं. मेली."

अकरा नावं लिहायला तिला पाऊण तास लागला. एकची गाडी येऊन फाटकात उभी राहिली, ड्रायव्हरनं दोनदा भोंगा वाजवला, कुणी गेलं नाही. मॅडम आधी तिच्या मागे उभ्या होत्या, मग शेजारच्या खाटेवर बसल्या. सहाव्या नावाशी त्यांनी फाईल खाली ठेवली. अकराव्याखाली मावशीनं लिहिलं, "यांतलं कुणीही स्वतः जेवत नव्हतं. ठोक्याही जेवत नाही." आणि सही केली.

"हे खरं आहे?" मॅडमनी साहेबांना विचारलं.

साहेब बाकावर बसले आणि कपाळ धरलं. तेवढं पुरलं.

त्यानंतर सगळं फार वेगानं झालं. बावीस वर्षं कुणाला सवड नव्हती, आता तासाभरात तीन गाड्या आल्या. वह्यांना सील लागलं. मावशीचा जबाब घेतला, दोनदा घेतला, अंगठा पण घेतला आणि सही पण. ठोक्याचं नाव यादीतून निघालं. "चौकशी होईपर्यंत हलवू नये", मॅडमनी स्वतः लिहिलं. मावशीनं ते वाचलं आणि सकाळपासून पहिल्यांदा तिला पाणी प्यावंसं वाटलं.

"येते मी," ती उठली. "सहाला त्याचं जेवण असतं."

"तुम्हाला आत जाता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही आता... तुमच्यावर आरोप आहे मावशी. रहिवाशांच्या जवळ जाता येत नाही. चौकशी पूर्ण होईपर्यंत."

"मग भरवणार कोण?"

"नर्स मागवली आहे. शिकलेली आहे."

"तिला मला दोन गोष्टी सांगू द्या. दोनच. उशी कशी लावायची अन्..."

"कुणाशीच बोलता येणार नाही. साक्षीदारांवर दबाव धरतात त्याला." मॅडमनी फाईल मिटली. "मी सांगीन तिला. हळू भरवायचं, एवढंच ना?"

"एवढंच नाही हो!" मावशी ओरडली. पण तोवर मॅडमना कुणीतरी फोन दिला होता आणि शिपायानं मावशीला फाटकाबाहेर नेऊन सोडलं होतं.

पावणेसहाला ती मागच्या अंगानं फिरून आली. धुलाईघराच्या बाजूला कुंपण कुठं वाकतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? खालच्या हॉलच्या खिडकीला लोखंडी जाळी होती. आत दिवे लागले होते. ठोक्याची खाट खिडकीपासून चौथी.

नर्स स्वच्छ होती, हातमोजे घातलेली. वाटी घेऊन आली, खुर्ची ओढून बसली. उजव्या बाजूला बसली. उशी लावली नाही. चमचा भरला, काठोकाठ, आणि दुसऱ्या हातानं ठोक्याची हनुवटी धरून वर उचलली.

मावशीनं दोन्ही मुठींनी जाळी हादरवली. "ए बाई! ए पोरी! वर नको! मान खाली घे त्याची!"

नर्सनं दचकून खिडकीकडे पाहिलं.

"डाव्या गालात! चमचा अर्धा कर! गळ्याला हात लाव, गळ्याला!"

रखवालदार पळत आला. जुना माणूस, वीस वर्षं मावशीच्या हातचा चहा प्यालेला. त्यानं तिच्या दंडाला धरलं. "मावशी, चला हो. कुणी पाहिलं तर माझी नोकरी जाईल."

"माझी गेली, तुझी जाईल. त्याचं काय जाईल ते बघ आत!"

"पाया पडतो, चला."

तिनं बोटं जाळीत अडकवली होती. रखवालदारानं एका हाताची सोडवली. आत नर्सचा चमचा हवेत थांबला होता, तिला कळत नव्हतं या वेड्या बाईचं ऐकायचं की मॅडमचं. तिनं दाराकडे पाहिलं, कुणी सांगणारं दिसतंय का म्हणून. कुणी नव्हतं. ठोक्याची मान अजून वरच होती आणि तोंड उघडं.

"आधी मान!" मावशी ओरडली. दुसऱ्या हाताची बोटं सुटत होती. "बाई गं, आधी त्याची मान खाली घे!"